चिलरच्या पंपाचे पाणी कमी पडते तेव्हा

चिलरच्या पॅनेलवर ‘लो फ्लो’चा इशारा आला की त्याचे दोनच अर्थ होतात. एक तर इव्हॅपोरेटरमधून जाणारे पाणी खरोखर कमी झाले आहे, किंवा पाणी पुरेसे आहे पण फ्लो स्विचला ते कळत नाही. पहिल्या बाबतीत दोष टाकीत, पंपात, पाइपात किंवा खुद्द इव्हॅपोरेटरमध्ये कुठेही असू शकतो. दुसऱ्या बाबतीत तो बोटभर लांबीच्या पात्यात किंवा एखाद्या सैल वायरीत असतो. पाना हातात घेण्याआधी यांतले कोणते खरे हे ठरले पाहिजे, कारण या कामात वेळ वाया जातो तो भलतीच वस्तू खोलण्यात. पंप उघडून, सील बदलून, सगळे परत बसवून झाल्यावर कळते की स्ट्रेनरची जाळी तुंबली होती.

उत्पादन थांबलेले असते, वरून फोन येत असतात, आणि अशा वेळी फ्लो स्विचच्या दोन वायरी एकत्र जोडून चिलर ‘तात्पुरता’ चालवण्याचा मोह होतो. हे कधीही करू नये. इव्हॅपोरेटरमध्ये रेफ्रिजरंट पाण्यातली उष्णता घेऊन उकळत असतो. बाहेर पडणारे पाणी ७ अंश सेल्सिअस असताना आतल्या रेफ्रिजरंटचे तापमान साधारण २ ते ३ अंश असते, म्हणजे गोठणबिंदूपासूनचे अंतर आधीच थोडे आहे. पाण्याचा प्रवाह घटला की रेफ्रिजरंटला मिळणारी उष्णता कमी होते आणि त्याचे तापमान शून्याखाली उतरते. बर्फ होताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते. ब्रेझ केलेल्या प्लेट इव्हॅपोरेटरमध्ये पाणी राहते ते जेमतेम काही लिटर, आणि तेही अरुंद फटींत. तिथे बर्फ धरायला वेळ लागत नाही. एकदा प्लेट किंवा ट्यूब फाटली की पाणी रेफ्रिजरंटच्या वाटेत शिरते आणि कॉम्प्रेसरपर्यंत पोचते. पंपाचा साधा दोष तेव्हा अख्ख्या चिलरच्या दुरुस्तीवर जातो.

पाणी किती हवे आणि किती आहे

‘पाणी कमी आहे’ या म्हणण्याला आकड्याशिवाय अर्थ नाही. एक टन रेफ्रिजरेशन म्हणजे तासाला ३,०२४ किलोकॅलरी, अर्थात ३.५१७ किलोवॅट. पाणी आत येताना आणि बाहेर जाताना तापमानात ५ अंशांचा फरक धरला तर एका टनाला तासाला सुमारे ६०५ लिटर, म्हणजे मिनिटाला १० लिटर पाणी लागते. ‘टनाला दहा लिटर’ हा हिशेब तोंडपाठ असावा. उदाहरणादाखल प्लास्टिक मोल्डिंगच्या कारखान्यातला ३० टनांचा, १२ अंशांचे पाणी ७ अंशांवर आणणारा चिलर घेतला, तर त्याला मिनिटाला ३०० लिटर, म्हणजे तासाला सुमारे १८ घनमीटर पाणी हवे. पुढचे सगळे आकडे याच चिलरला धरून आहेत.

प्रत्यक्षात किती पाणी वाहते आहे हे फ्लो मीटर नसला तरी दोन वाटांनी काढता येते. पहिली वाट तापमानाची. चिलर पूर्ण भारावर चालू असताना आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यातला फरक ५ ऐवजी ८ अंश दिसला, तर तीच उष्णता कमी पाण्यातून काढली जात आहे. प्रवाह पाच-अष्टमांश, म्हणजे मिनिटाला सुमारे १९० लिटर उरला आहे. यात एक अट आहे. भार पूर्ण असला पाहिजे. अर्ध्या भारावर फरक तीन अंशांहून कमी दिसतो आणि प्रवाह भरपूर असल्याचा भास होतो.

दुसरी वाट दाबाची. इव्हॅपोरेटरच्या उत्पादकाने दिलेल्या तक्त्यात ठरावीक प्रवाहाला दाब किती घटतो ते लिहिलेले असते. दाबातली घट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ३०० लिटरला ०.५ किलो घट अपेक्षित असताना ०.२ किलोच मिळाली, तर ०.२ भागिले ०.५ याचे वर्गमूळ ०.६३ येते, प्रवाह पुन्हा १९० लिटरच्या आसपास. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला तर त्यावर विसंबायला हरकत नाही. तापमान सांगते की पाणी कमी, आणि दाब सांगतो की घट नेहमीइतकी किंवा जास्तच आहे, असा विसंवाद आला तर इव्हॅपोरेटर आतून भरलेला आहे. तोच खरा निष्कर्ष, आणि तो काहीही न खोलता मिळालेला असतो.

दाब मोजताना दोन्ही टोकांना दोन वेगळे गेज लावून वजाबाकी करण्यापेक्षा एकच गेज दोन कॉकना आलटून पालटून जोडणे कधीही चांगले. वर्षानुवर्षे हादरे खाल्लेले दोन गेज एकाच दाबाला ०.२ किलोच्या फरकाने बोलतात, आणि इथे शोधायचा फरकच तेवढा आहे.

प्रवाह पुरेसा निघाला तर संशय फ्लो स्विचवर. पात्याच्या स्विचमध्ये पाते गंजून तुटते, त्यावर क्षारांची खपली चढते किंवा धाग्यांचा गुंता बसतो. कधी स्विच बाणाच्या उलट दिशेने बसवलेला असतो. कधी तो एल्बोला चिकटून लावलेला असतो, आणि तिथल्या भोवऱ्यात पाते थरथरत राहते. स्विचच्या दोन्ही बाजूंना पाइपच्या व्यासाच्या निदान पाच पट सरळ लांबी हवी. तपासणी सोपी आहे: पुरवठा बंद करून स्विचच्या वायरी सोडवाव्यात, नुसता पंप चालू करून मल्टिमीटरने संपर्क जुळतो का पाहावे, मग पंप बंद करून तो सुटतो का पाहावे.

दोन गेज आणि एक क्लॅम्प मीटर

प्रवाह खरोखर कमी असेल तर दोष कुठे आहे हे पंपाच्या सक्शनचा दाब, डिलिव्हरीचा दाब आणि मोटरचा करंट या तीन आकड्यांवरून बहुतेक वेळा कळते. पंपाजवळ हे दोन गेज नसतील तर इतर काहीही करण्याआधी ते बसवून घ्यावेत. सक्शनचा गेज शून्याखालचाही दाब दाखवणारा, म्हणजे कंपाउंड गेज असावा.

उदाहरणातला पंप तासाला १८ घनमीटर पाणी ३० मीटर हेडला देतो. एक किलो दाब म्हणजे १० मीटर पाणी, तेव्हा डिलिव्हरी आणि सक्शन यांत ३ किलोंचा फरक दिसला पाहिजे. टाकीतले पाणी पंपापेक्षा एक मीटर वर असेल तर पंप बंद असताना सक्शन गेज ०.१ दाखवतो, चालू झाल्यावर तो थोडा उतरतो. अशा पंपाला बहुधा ५ एचपीची, म्हणजे ३.७ किलोवॅटची मोटर असते. तिचा पूर्ण भाराचा करंट साडेसात अँपिअरच्या आसपास असतो. लहान मोटर रिकामी फिरतानाही पूर्ण करंटाच्या तिसऱ्या ते निम्म्या हिश्शाइतका करंट घेते. त्यामुळे करंट शून्याकडे गेलेला दिसण्याची वाट पाहू नये. सहावरून साडेचारवर येणे हीसुद्धा मोठी बातमी आहे.

आता आकडे काय बोलतात ते पाहावे. फरक ३ किलोंवरून साडेतीनवर गेला आणि करंट उतरला, तर पंप ठणठणीत आहे आणि अडथळा त्याच्या पुढे आहे: बंद व्हॉल्व्ह, तुंबलेला फिल्टर, भरलेला इव्हॅपोरेटर. सक्शन गेज शून्याखाली गेला, डिलिव्हरीचा काटा थरथरतो आहे आणि पंपातून खडी दळल्यासारखा आवाज येतो, तर अडथळा पंपाच्या मागे आहे. सक्शन ठीक आहे, पण फरक कमी आणि करंटही कमी, तर दोष पंपात: इम्पेलर झिजला, मोटर उलटी फिरते आहे, किंवा वेग कमी झाला आहे. फरक कमी आणि करंट मात्र वाढलेला, हे चौथे चित्र अनेकांना गोंधळात टाकते. तिथे पंप नेहमीपेक्षा जास्त पाणी फेकत असतो, पण ते इव्हॅपोरेटरपर्यंत पोचत नाही. कुठूनतरी जवळच्या वाटेने परत येते. हे चारही अर्थ सेंट्रिफ्युगल पंपाचे आहेत. छोट्या चिलरांत कधीकधी रिजनरेटिव्ह टर्बाइन पंप असतो, आणि त्यात अडथळा वाढला की करंट चढतो.

पंपाच्या मागची बाजू

सक्शनकडे पहिल्यांदा टाकीतल्या पाण्याची पातळी पाहावी. बॉल व्हॉल्व्ह अडकून टाकी उतरलेली असते, आणि लेव्हलची काचेची नळी मळकट झाल्याने ती भरलेली वाटते. पातळी उतरली की सक्शनच्या तोंडावर भोवरा होतो आणि हवा आत ओढली जाते. सक्शनच्या तोंडावर पाइपच्या व्यासाच्या निदान दोन-तीन पट पाणी असावे. परतीचा पाइप पाण्याच्या वर, धबधब्यासारखा सोडलेला असेल तर त्याने पाण्यात कालवलेले बुडबुडे थेट पंपात जातात. परतीचे तोंड पाण्याखाली आणि सक्शनपासून लांब हवे. जागा कमी असेल तर मध्ये आडवी पट्टी घालावी.

त्यानंतर स्ट्रेनर. ‘वाय’ आकाराच्या स्ट्रेनरच्या स्वच्छ जाळीत दाबाची घट ०.१ ते ०.२ किलोपेक्षा जास्त नसावी. सक्शन गेज उणे २०० मिलिमीटर पारा दाखवत असेल तर पंप जवळपास पावणेतीन मीटर पाण्याचा जोर लावून पाणी ओढतो आहे, आणि एक मीटर वर टाकी असलेल्या व्यवस्थेत याचे कारण बहुतेक वेळा ही जाळीच असते. जाळी काढल्यावर तिच्यातला ऐवज फेकून देण्याआधी एका पांढऱ्या कागदावर पसरून पाहावा. काळे, कडक, चमकदार मणी म्हणजे वेल्डिंगचा मळ. नुकतेच पाइपचे काम झाले असेल तर तो आणखी काही दिवस येत राहणार. लालसर पापुद्रे म्हणजे लोखंडी पाइप आतून गंजतो आहे. प्लास्टिकचे दाणे सांगतात की टाकीचे झाकण उघडे राहते. बोटांना बुळबुळीत लागणारा थर जिवाणूंचा. तो नुसत्या धुण्याने जात नाही, पाण्यावर रासायनिक उपचार करावे लागतात. आणि टेफ्लॉन टेपची लांब पट्टी निघाली तर तिची दुसरी अर्धी पट्टी इम्पेलरच्या डोळ्यात अडकलेली असू शकते.

जाळी वारंवार तुंबते म्हणून ती काढून रिकामा स्ट्रेनर बसवणे, हा उपाय चिलरच्या जिवावर येतो. जाळीत अडायचा कचरा मग प्लेट इव्हॅपोरेटरच्या फटींत अडतो, आणि तिथून तो पान्याने काढता येत नाही. प्लेट इव्हॅपोरेटरच्या आधी निदान २० मेशची, म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटर छिद्रांची जाळी असावी.

हवा हा सक्शनचा सगळ्यात फसवा दोष आहे. सक्शनच्या पाइपात दाब शून्याखाली असेल तर सैल जोडातून पाणी बाहेर गळत नाही, हवा आत जाते. जमिनीवर थेंबही दिसत नाही आणि सगळे ठीक वाटते. साबणाच्या पाण्याचा नेहमीचा प्रयोग इथे उलटा वाचावा लागतो. जोडावर फेस लावल्यावर बुडबुडा फुगण्याची वाट पाहू नये. पंप चालू असताना फेस एका जागी आत ओढला जाऊन खळगा पडतो का ते पाहावे. टाकी पंपापेक्षा वर असेल तर आणखी सोपे: पंप बंद करावा, आणि ज्या जोडातून हवा जात होती तिथून आता पाणी पाझरू लागते. पंपाची मेकॅनिकल सीलही अशीच हवा ओढू शकते. टाकी जमिनीखाली असेल तर फूट व्हॉल्व्हवर संशय घ्यावा. त्याच्यात खडा अडकला की पंप बंद झाल्यावर सक्शनचा पाइप रिकामा होतो आणि दर वेळी प्राइमिंग करावे लागते.

बंद सर्किटमध्ये उघडी टाकी नसते, तिथे हवेचे कारण वेगळे. पंप बंद असताना सर्वांत उंच जागीही पाण्याचा दाब शून्याच्या वर राहिला पाहिजे. पंप तळमजल्यावर आणि सर्वांत उंच कॉइल १२ मीटरवर असेल तर बंद पंपाशी निदान १.७ किलो दाब हवा: १.२ उंचीचा आणि अर्धा किलो वरचा. तो एक किलोवर उतरला असेल तर वरच्या पाइपातले एअर व्हेंट हवा बाहेर सोडण्याऐवजी आत घेतात. दाब का उतरला याचे उत्तर बहुधा गळतीत किंवा हवा निघून गेलेल्या एक्स्पान्शन टाकीत मिळते.

खुद्द पंप

रोहित्र, केबल किंवा स्टार्टर यांपैकी कशाचेही काम झाल्यावर, किंवा जनरेटरवर बदल केल्यावर पाणी कमी झाले असेल, तर आधी मोटरची दिशा पाहावी. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी पाणी देतो, म्हणून हा दोष लपून राहतो. फक्त हेड आणि प्रवाह दोन्ही बरेच उतरतात. चिलरच्या पॅनेलमध्ये फेज क्रमाचा रिले असतो, पण बाहेर बसवलेल्या पंपाच्या स्टार्टरला तो बऱ्याचदा नसतो. पंप बंद करून मोटर थांबता थांबता मागच्या पंख्याकडे पाहावे आणि पंपाच्या अंगावरच्या बाणाशी ताडावे. उलटे असेल तर पुरवठा तोडून कोणत्याही दोन फेज अदलाबदल कराव्यात. ज्या पंपात इम्पेलर शाफ्टवर आट्यांनी बसवलेला असतो, तिथे उलट फिरण्याने तो सैल होऊन केसिंगला घासू शकतो. त्यामुळे दिशा सुधारल्यावरही आवाज ऐकून घ्यावा. एक फेज गेला असेल तर मोटर घुमते, तापते आणि ओव्हरलोड रिले सुटतो. तिन्ही फेजचा करंट वेगवेगळा मोजला की हे लगेच दिसते.

व्हीएफडी असेल तर त्याचा आकडा वाचावा. वेग घटला की प्रवाह त्याच प्रमाणात, हेड वर्गाच्या आणि शक्ती घनाच्या प्रमाणात घटते. ५० हर्ट्झऐवजी ४५ वर चालणारा पंप ३० मीटरऐवजी सुमारे २४ मीटर हेड देतो. वीज वाचवण्यासाठी कोणीतरी कमी केलेला आकडा पुढच्या उन्हाळ्यात ‘पंप बिघडला’ म्हणून समोर येतो.

इम्पेलर झिजला का हे पंप न उघडता कळते. पंप चालू असताना डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हळूहळू पूर्ण बंद करावा, दोन्ही गेज वाचावेत आणि लगेच उघडावा. मिळालेला फरक पंपाच्या आलेखातल्या शून्य प्रवाहाच्या हेडशी जुळला तर पंपात दोष नाही. तो बराच कमी आला आणि दिशा व वेग ठीक आहेत, तर इम्पेलर किंवा वेअर रिंग झिजली आहे, चावी तुटली आहे, किंवा इम्पेलरमध्ये काही अडकले आहे. ही चाचणी मिनिटभराच्या आत उरकावी, कारण अडलेले पाणी केसिंगमध्ये झपाट्याने तापते. रिजनरेटिव्ह टर्बाइन पंपावर ती मुळीच करू नये. शून्य प्रवाहाला त्याचा भार सर्वांत जास्त असतो आणि मोटर जळते.

यानंतरच पंप उघडावा. आयसोलेटर पाडून कुलूप आणि पाटी लावावी, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून ड्रेन सोडावा आणि गेज शून्यावर आल्यावरच बोल्टला हात घालावा.

पंपाच्या पुढची बाजू

पुढच्या बाजूचा पहिला संशयित व्हॉल्व्ह. हँडल उघडे दिसते म्हणजे व्हॉल्व्ह उघडा आहे असे नाही. जुन्या गेट व्हॉल्व्हचे पान दांड्यापासून सुटून खाली पडते; चाक गरागरा फिरते आणि पान जागेवरच राहते. बटरफ्लाय व्हॉल्व्हच्या चकतीची पिन तुटली की तीच गत होते. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंचा दाब मोजला की शंका मिटते. पाइप बदलला असेल तर त्याचा व्यासही पाहावा. अडीच इंची लाइनच्या मध्ये दोन इंची तुकडा टाकला तर तेवढ्या लांबीत घर्षण तिपटीहून अधिक होते.

दोन पंप समांतर असलेल्या ठिकाणी, एक चालू आणि एक राखीव, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची तपासणी चुकवू नये. राखीव पंपाचा व्हॉल्व्ह नीट मिटत नसेल तर चालू पंपाचे पाणी पुढे जाण्याऐवजी राखीव पंपातून मागे वळते. हीच ती कमी फरक आणि जास्त करंटाची खूण. ओळखण्यासाठी राखीव पंपाजवळ जाऊन उभे राहावे. बंद असलेला पंप हवेच्या तापमानाला आलेला असतो. त्याच्या केसिंगला चालू पंपासारखाच घाम सुटला असेल तर त्याच्यातून थंड पाणी वाहते आहे. कपलिंगच्या गार्डमधून पाहिले तर शाफ्ट आपोआप उलटा फिरताना दिसतो. असा फिरता पंप तसाच चालू करू नये. मोटर ट्रिप होते, शाफ्टही तुटू शकतो. आधी त्याचा व्हॉल्व्ह बंद करावा. बायपासची लाइनही याच वेळी पाहावी. कोणीतरी पूर्ण उघडून ठेवलेला बायपास नेमकी हीच लक्षणे देतो.

वापराच्या टोकाला मोल्डिंग मशीन असतील तर प्रवाह दिवसभर बदलतो. मोल्ड बदलताना त्या मशीनचे व्हॉल्व्ह बंद होतात, चार मशीन एकदम थांबली की चिलरचे पाणी अडते आणि इशारा येतो. अर्ध्या तासाने सगळे आपोआप सुरळीत. ठरावीक वेळी येऊन जाणाऱ्या दोषाचे कारण पंपात शोधू नये. इथे इलाज व्यवस्थेचा आहे: दाब वाढला की आपोआप उघडणारा बायपास व्हॉल्व्ह, किंवा टाकीचे गरम आणि थंड असे दोन कप्पे करून इव्हॅपोरेटरला एक पंप आणि मशीनना दुसरा. दुसरी व्यवस्था महाग पडते, पण चिलरला स्थिर प्रवाह तीच देते.

इव्हॅपोरेटर भरला असेल तर

चिल्ड वॉटरच्या बाजूला क्षार तुलनेने कमी बसतात, कारण तेच पाणी फिरत राहते. तिथे गंज, चिखल आणि जिवाणूंचा थर जास्त असतो. दख्खनच्या पठारावरचे बोअरवेलचे पाणी बहुधा कठीण असते. ते टाकीत सतत भरावे लागत असेल तर मात्र इकडेही खपली धरते, आणि सतत भरावे लागणे म्हणजे कुठेतरी गळती आहे.

साफसफाई इव्हॅपोरेटरच्या प्रकारावर ठरते. फ्लडेड प्रकारात पाणी ट्यूबमधून जाते, झाकण काढून नायलॉनचा ब्रश फिरवता येतो. डीएक्स प्रकारच्या शेल-अँड-ट्यूबमध्ये ट्यूबमध्ये रेफ्रिजरंट आणि बाहेर शेलमध्ये पाणी असते; ब्रेझ केलेली प्लेट उघडतच नाही. या दोन्हींना रासायनिक धुलाईच लागते. प्लेटसाठी सुमारे ५ टक्के फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्ल वेगळ्या छोट्या पंपाने नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने फिरवतात, म्हणजे अडकलेला कचरा आल्या वाटेने बाहेर पडतो. नंतर सौम्य सोड्याच्या पाण्याने आम्लाचा अंश मारून स्वच्छ पाण्याने धुतात. बाजारात सहज मिळणारे हायड्रोक्लोरिक आम्ल स्टेनलेस स्टीलच्या प्लेटला वापरू नये. त्यातले क्लोराइड प्लेटला सुईएवढी छिद्रे पाडते. कॉम्प्रेसर या सगळ्या काळात बंद आणि कुलूपबंद असावा.

पाण्यात ग्लायकॉल असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ३० टक्के एथिलीन ग्लायकॉलचे मिश्रण उणे १४-१५ अंशांपर्यंत गोठत नाही, पण ते पाण्यापेक्षा दाट असते आणि थंड होईल तसे आणखी दाट होते. शिवाय ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. ‘थोडे जास्त घातलेले बरे’ म्हणून टक्केवारी वाढवली की प्रवाह घटतो. रिफ्रॅक्टोमीटरने प्रमाण मोजून गरजेपुरतेच ठेवावे. एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. ते गटारात सोडू नये.

कंडेन्सरचा पंप

वॉटर-कूल्ड चिलरमध्ये कूलिंग टॉवरकडे जाणारा दुसरा पंप असतो. त्याच्या तपासणीची रीत तीच, पण लक्षणे उलटी: इथे पाणी कमी झाले की गोठण्याचा प्रश्न नसतो, रेफ्रिजरंटचा दाब चढतो आणि चिलर हाय प्रेशरवर ट्रिप होतो. टॉवर उघड्यावर असल्याने पाने, कीटक, धूळ आणि शेवाळ टाकीच्या जाळीवर जमतात. पाणी सतत बाष्प होऊन उडत असल्याने उरलेल्या पाण्यातले क्षार वाढत जातात, म्हणून खपलीचा खरा त्रास याच बाजूला. ब्लीडची लाइन बंद ठेवून पाणी वाचवले तर त्याची किंमत कंडेन्सरच्या ट्यूबमध्ये मोजावी लागते.

पुन्हा चालू करताना

दुरुस्तीनंतर पंप भरताना केसिंगवरचा एअर कॉक उघडून अखंड धार येईपर्यंत हवा सोडावी, उंच जागचे व्हेंट उघडावेत, आणि शाफ्ट हाताने फिरवून तो मोकळा असल्याची खात्री करावी. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा उघडा ठेवून पंप चालू करावा आणि हळूहळू पूर्ण उघडावा. नवीन पाइपकाम झाले असेल तर स्ट्रेनरची जाळी पहिल्या दिवसात दोनदा काढून पाहावी.

सगळे स्थिर झाल्यावर सक्शन, डिलिव्हरी, इव्हॅपोरेटरच्या दोन्ही टोकांचे दाब व तापमाने, तिन्ही फेजचा करंट आणि तारीख पंपाशेजारच्या पाटीवर ऑइल पेंटने लिहून ठेवावी. वहीतली नोंद हरवते. पुढच्या वेळी रात्रपाळीच्या माणसाला पाहायला मिळते ती भिंतीवरची. शेवटी फ्लो स्विचची परीक्षा घ्यावी. चिलर कमी भारावर चालू असताना व्हॉल्व्ह सावकाश आवळत न्यावा आणि उत्पादकाने दिलेल्या किमान प्रवाहाच्या वरच स्विच चिलरला थांबवतो का ते पाहावे. नाही थांबवला तर व्हॉल्व्ह ताबडतोब उघडावा, चिलर बंद करावा, आणि स्विचचा स्क्रू फिरवून किंवा स्विच बदलून परीक्षा पुन्हा घ्यावी. ती उत्तीर्ण झाल्यावरच चिलर उत्पादनाच्या ताब्यात द्यावा.